इतिहासाचा कोरा पेपर

९ डिसेंबर

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. 'चि. सौ. सूनबाईस' असं लिहिलं आणि खोडलं. सून तू आता दुसऱ्या घरची. नुसतं 'चि. सौ.' लिहिलं तर लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं. म्हटलं, मायना राहू दे. पाकिटावर नाव तुझं आहे, आत अक्षर माझं आहे, तेवढं पुरे.

फोन करत नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात फोनवरचं सगळं ऐकू जातं आणि मला हळू बोलता येत नाही. लिफ्टच्या बंद दाराबाहेर उभं राहून आत अडकलेल्या माणसाशी ओरडून बोलण्यात जन्म गेला, त्या गळ्याला आता काय शिकवायचं.

मुंगी बरी आहे. जेवते, शाळेत जाते, वेणी स्वतः घालते. माझ्या कानाच्या वर गेली उंचीने, तरी मी मुंगीच म्हणतो आणि तीही ओ देते. तू पाठवलेलं पार्सल मिळालं. कपाटावर ठेवलं आहे.

एक कळवायचं होतं. वर्गशिक्षिकेने शाळेत बोलावून घेतलं. माझ्यापुढे मुंगीचा सहामाहीचा इतिहासाचा पेपर ठेवला. वर नाव, तुकडी, विषय, तारीख, सगळं टपोऱ्या अक्षरात. त्याखाली काही नाही. पुरवणीही मागून घेतली होती. तीही कोरी, पण दोऱ्याने नीट बांधलेली. पूर्ण तीन तास जागेवर बसून होती म्हणे. बाकीच्या विषयांत उत्तम मार्क. बाई म्हणाल्या, "बोर्डाला असं केलं तर वर्ष जाईल हो आजोबा. घरी काही होतंय का?"

मी म्हटलं, "नाही. घरी काहीच होत नाही."

बाई भल्या आहेत. आपल्या मास्तरच्या जागी आल्या आहेत. त्या शाळेत इतिहास कोण शिकवायचं आणि मुंगी कुणाची मुलगी, हे तिथल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. मी पेपर घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आलो.

काळजी करू नकोस. तुझ्या औषधवाल्यांना माझा नमस्कार.

आबा


२८ डिसेंबर

तुझं पत्र मिळालं. 'ती माझ्याबद्दल कधी विचारते का' असं विचारलं आहेस. नाही विचारत. 'माझ्यावर फार रागावली आहे का' असंही विचारलं आहेस. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागावलेलं माणूस दार आपटतं, ताट सरकवतं. आमच्याकडे सगळी दारं अलगद लागतात.

मागच्या पत्रात जेवते असं लिहिलं होतं. म्हणजे ताट रिकामं होतं. मीठ घालायचं विसरलो होतो एकदा, तेही तिने तसंच संपवलं. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारीण डबा परत द्यायला आली, तिने चव घेतली तेव्हा कळलं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं झालं आहे आमचं. गाल आहे, पण आपला नाही.

पेपरचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. 'का गं कोरा दिलास' असं मी तिला विचारलेलं नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याला 'घाबरलात का' असं कधी विचारायचं नसतं, हे मी कामाच्या पहिल्या वर्षीच शिकलो. त्याला विचारायचं, पिशवीत काय आहे, कोणत्या मजल्यावर निघाला होतात, घरी कोण कोण असतं. तो बोलत राहतो, तोवर आपण वरती जाऊन हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची.

तर मी दुकानातून छापील सराव पेपर आणले. प्रत्येकी दोन प्रती. रविवारी टेबल मोकळं केलं, घड्याळ मध्ये ठेवलं आणि तिच्यासमोर बसलो.

"हे काय?" तिने विचारलं.

"सराव पेपर. तीन तास. मीही देणार आहे."

"तुम्ही? तुम्हाला काय येतं इतिहासातलं?"

"काही नाही. म्हणूनच तर सराव."

हसली नाही. पण पेन घेतलं. मी लिहीत सुटलो, जे येईल ते. बारा वाजता घड्याळ वाजलं तेव्हा तिच्या पेपरवर नाव आणि तारीख होती, आणि 'जोड्या लावा' सोडवलं होतं. चारही जोड्या बरोबर. बाकी कोरं. मी माझा पेपर तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "तपास बाई."

आबा


१९ जानेवारी

तुला खुशाली हवी असते, पण माझ्याकडे लिहायला इतिहासच आहे. चालवून घे.

आमचा रिवाज असा. रविवारी पूर्ण पेपर, घड्याळ लावून. संध्याकाळी ती दोन्ही पेपर तपासते. जे चुकलं त्यापुढे लाल फुली. मधल्या दिवसांत फक्त फुलीवाले प्रश्न पुन्हा सोडवायचे, पुस्तक मिटून. पुस्तक उघडून वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, मिटलं की कळतं काय येत नाही. हे मुंगीचं म्हणणं. म्हणजे तिच्या बाबाचं. तो वर्गात सांगायचा म्हणे. सांगताना 'बाबा' शब्द तिने घेतला नाही. 'सर सांगायचे' म्हणाली. शाळेत ती त्याला सरच म्हणायची, त्यामुळे तसं चूक नाही.

माझे हाल विचारू नकोस. फ्रान्समधला तो बॅस्टिल नावाचा राजवाडा लोकांनी जाळला असं मी दीड पान लिहिलं. राजवाड्यातल्या झुंबरांचंही वर्णन केलं. तिने सगळ्यावर एक तिरकी रेघ मारली.

"तुरुंग होता तो, आबा."

"झुंबरांचे तरी अर्धा मार्क दे."

"तुरुंगात झुंबरं नसतात."

"पहिल्या महायुद्धाची कारणं बरोबर आहेत की."

"एकच बरोबर आहे. बाकीची तुमच्या सोसायटीतल्या भांडणाची आहेत."

एवढं बोलली त्या दिवशी. तुला लिहून ठेवावंसं वाटलं.

तिचं स्वतःचं अजून तसंच. पर्याय निवडते, जोड्या लावते, सालं बिनचूक. 'कारणे द्या' आलं की पेन खाली ठेवते आणि घड्याळ वाजेपर्यंत टेबलाकडे बघत बसते. बरं, तिला येत नाही असंही नाही. माझी उत्तरं तपासताना समासात बारीक अक्षरात बरोबर उत्तर लिहिते, ओळीच्या ओळी. माझ्या पेपरवर लिहिते. स्वतःच्या पेपरवर नाही.

काल म्हणाली, "या छापील पेपरांत चुका आहेत. उत्तरं पण चुकीची छापलीत."

"मग?"

"घरात दुसरे आहेत ना. खोक्यात."

मी कोणतं खोकं असं विचारलं नाही. तुलाही सांगायला नको. शाळेतून त्याच्या टेबलाच्या खणातलं सामान आलं होतं, ते तू पलंगाखाली सरकवलं होतंस. आजवर ते तिथेच होतं.

आबा


११ फेब्रुवारी

खोकं काढलं. मी काढलं, तिने उघडलं. आत त्याचा कप होता, तो धुऊन फळीवर ठेवला. छत्री होती. खाली सराव पेपर, त्याच्या हाताने लिहून झेरॉक्स काढलेले, प्रत्येकाला टाचलेली उत्तरं. मला वाटलं होतं, ते अक्षर बघून आमच्यापैकी एकाला तरी काहीतरी होईल. काही झालं नाही. ती म्हणाली, "हे सोपे आहेत, आठवीचे," आणि दोन ढीग केले.

त्याचे पेपर चांगले आहेत गं. छापील पेपर विचारतो, अमुक तह कधी झाला. हा विचारतो, या तहानंतर शेजारच्या देशातल्या एखाद्या शिंप्याचं काय झालं असेल असं तुला वाटतं. मला अशा प्रश्नांना जास्त मार्क पडायला लागले.

आता जे लिहितो आहे ते नीट वाच. परवा ती माझा पेपर तपासत होती. मान खाली, हातात लाल पेन. त्याच आवाजात म्हणाली, "तिच्या लग्नाला साक्षीदार म्हणून तुम्ही सही केलीत ना?"

मी चहा गाळत होतो. म्हटलं, "हो."

"मला माहीत होतं. नोंदणीच्या कागदावर बघितलं होतं मी."

"मग विचारलं नाहीस कधी."

"आता विचारते. का केलीत?"

तुझ्या माघारी तुझ्याविषयी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिने सरळ विचारलं आणि मला सरळच उत्तर आलं. मी म्हटलं, "तुझी आई जेवत नव्हती. रात्री झोपत नव्हती. बाजारात त्या दुकानात थांबून औषधवाल्यांशी बोलली की घरी येऊन अर्धी पोळी खायची. मी घरातच होतो, मला दिसत होतं. माझा मुलगा गेला. तिलाही जाऊ द्यायची होती का?"

"मग मी?"

"तुला ये म्हणाली होती ती. गाडी दारात उभी होती."

"मी नाही म्हटलं, तर लगेच गेली."

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तू तिला दे, मला नको देऊस.

तिने माझा पेपर पूर्ण तपासला, मार्कांची बेरीज केली, वर लिहिली. पास होतो मी. मग चहा प्यायली आणि गणिताला बसली.

रडली का असं विचारशील. नाही.

आबा


२७ फेब्रुवारी

बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. इतिहासाचा पेपर शेवटी आहे.

त्याचे सगळे सराव पेपर संपत आले. ढिगाच्या तळाशी एक निघाला, त्याला उत्तरं टाचलेली नव्हती. खोक्यात शोधलं, उलटं करून झटकलं. नाहीत. शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासता तपासताच तो गेला, तेव्हा उत्तरं लिहायची राहिली असणार. मी म्हटलं, "राहू दे हा. उत्तरंच नाहीत, तर तपासणार कसा?"

ती म्हणाली, "मी देते हा पेपर."

दोघे बसलो. मी माझं लिहीत होतो. मध्येच तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, नेहमीसारखं. तर ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, प्रश्नपत्रिकेकडे बघत.

"त्या दिवशी आमची चाचणी होती. इतिहासाचीच. त्यांनीच काढलेला पेपर."

मी लिहिणं थांबवलं.

"शिपाईमामा वर्गात आले. बाईंच्या कानात बोलले. बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, बाळ, खाली चल. कशाला ते सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्ही डबा द्यायला आलात. मी म्हटलं, बाई, शेवटचा प्रश्न राहिलाय, पूर्ण करून येते."

"मग?"

"बाई तिथेच उभ्या राहिल्या. मी पूर्ण केला. पुरवणी बांधली. मग गेले."

सूनबाई, तिच्याबरोबर एका घरात राहतो मी, आणि हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसणार. त्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या, त्यामुळे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "मुंगे, शिपाई तुला बोलवायला आला त्याआधीच तो गेला होता. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं आहे."

"माहितीये."

"तू धावत गेली असतीस तरी..."

"माहितीये मला, आबा."

मग मी म्हणायला गेलो की त्याला विचारलं असतंस तर तोही म्हणाला असता, आधी पेपर पूर्ण कर. अर्धं वाक्य झालं, तेवढ्यात ती म्हणाली, "ते नका बोलू." नाही बोललो. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं. हात टेबलावरच राहिला.

तिने पेन उचललं. पेपर द्यायचा सोडून कोरा कागद घेतला, वर लिहिलं 'उत्तरे', आणि एकेका प्रश्नाचं उत्तर लिहीत गेली. मुद्दे, मार्कांची वाटणी, कुठे अर्धा मार्क कापायचा तेसुद्धा. घड्याळ वाजलं, मी ते बंद केलं, ती लिहीत होती. जेवण गार झालं. मग तिने ती पानं त्या पेपरला टाचली आणि ढीग खोक्यात परत ठेवला. खोकं मात्र पलंगाखाली नाही गेलं. टेबलाखाली आहे, माझे पाय अडखळतात.

आता माझं मागणं. इतिहासाच्या पेपरला ये. केंद्र तिच्याच शाळेत आलं आहे, वेळ सोबतच्या चिठ्ठीत लिहिली आहे. तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. हवं तर माझ्यावर रागावू दे. तू काही बोलू नकोस, काही आणू नकोस. नुसती ये.

आबा


२२ मार्च

तू चारच्या बसने गेलीस. बसमध्ये तुझं काय झालं असेल त्याची कल्पना आहे, म्हणून दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो आहे. तू बघितलंस तेवढ्यावर जाऊ नकोस. ती दारातून बाहेर आली, तुझ्याकडे बघितलं आणि तुझ्या अंगावरून माझ्याकडे निघून आली. तू हाक मारली नाहीस, ते बरं केलंस. आम्ही चालायला लागलो, वळणावर मी मागे बघितलं तेव्हा तू तिथेच होतीस. तिने बघितलं नाही. हे सगळं तू पाहिलंस. पुढचं ऐक.

घरी आल्यावर तिने पाय धुतले. मी अंडी उकडून मीठ लावून ठेवली होती, ती पावाबरोबर खाल्ली. म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

मी म्हटलं, "पेपर कसा गेला?"

"पुरवण्या लागल्या."

"कोऱ्या?"

"भरलेल्या," ती म्हणाली आणि दुसरं अंडं घेतलं.

खाऊन झाल्यावर मी भांडी विसळत होतो.

"तिने केस कापलेत."

"हो. मीही बघितलं."

"शोभत नाहीत."

"हं," मी म्हटलं. माफ कर, खोटं बोलायला सुचलं नाही.

"कधी आली होती?"

"पेपर सुरू व्हायच्या आधी. तू आत गेलीस, मग ती आली."

"म्हणजे तीन तास तिथेच? उन्हात?"

"हो."

"फाटकाच्या आत एवढं मोठं झाड आहे. सगळ्यांचे पालक तिथे बसले होते. तुम्ही कुठे होतात?"

"मी झाडाखाली होतो."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी नळ बंद केला.

"आणि तिला उन्हात उभं ठेवलंत?"

"अगं, मी दोनदा बोलवायला गेलो. पाण्याची बाटली दिली. ती म्हणाली, झाडाखालून दार दिसत नाही."

ती आत गेली. पंखा लावल्याचा आवाज आला. मला वाटलं झोपली असेल, दमली होती. मी भांडी पुसून ठेवली, ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आबा, तिला पत्र लिहिता ना तुम्ही?"

ते माहीत असणारच म्हणा. दोन खोल्या आहेत. मी म्हटलं, "लिहितो."

"मग लिहा. निकाल शाळेत लागणार आहे. आली तर झाडाखाली उभी राहा म्हणावं."

"अगं, पण तिथून दार दिसत नाही."

"दार बघायची गरज नाही," ती म्हणाली. "मीच येईन झाडापाशी."

आबा